गेजचा आकडा मोठा म्हणजे माल जाड? नाही!

"गेज म्हणजे जाडी. वायर असो, पत्रा असो की सुई, आकडा मोठा तितका माल दणकट, आणि हा हिशोब सगळीकडे एकच." खरेदीचा हा सल्ला बराच फिरतोय. त्यावर विसंबलात तर मोटर जळेल.

आधी वायर. इथे आकडा वाढतो तशी तार बारीक होते. तार डायच्या भोकातून पुन्हा पुन्हा ओढून बारीक करतात, आणि जितक्या खेपा तितका नंबर, अशी ही पद्धत रुळली. ब्रिटनने १८८४ साली कायदेशीर केलेल्या एसडब्ल्यूजीत (स्टँडर्ड वायर गेज या मापात) २० नंबर ०.९१४ मिमी, तर २२ नंबर ०.७११ मिमी. दोनच नंबरांत तांबं ४० टक्क्यांनी घटतं. पंपाची मोटर रिवाइंड करताना २० ऐवजी २२ भरली, की तेवढ्याच वेढ्यांचा रोध दीडपटीच्या वर जातो, वाइंडिंग तापतं आणि इनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप, करपून वेढे आपसात शॉर्ट होतात. जुनी तार मोजतानाही इनॅमल खरवडून मगच मायक्रोमीटर लावा. इनॅमलसकट २० ची तार १९ च्या जवळ भरते, आणि १९ घेतली तर वेढे मोटरच्या स्लॉटमध्ये (खाचांमध्ये) मावत नाहीत.

"सगळीकडे एकच" हेही खोटं. १८ नंबर ब्रिटिश मापात १.२१९ मिमी, अमेरिकन मापात १.०२४. म्हणून दुकानात नंबर सांगू नका, मिमी किंवा स्क्वेअर एमएम सांगा. जुन्या वायरिंगमधली ७/२० म्हणजे २० नंबरच्या सात तारा, सुमारे ४.६ स्क्वेअर एमएम.

पत्रा आणि सुईचंही तारेसारखंच उलटं: २४ नंबरची सलाइनची सुई १८ पेक्षा बारीक. प्लॅस्टिकच्या फिल्मला मात्र "मोठा आकडा, जाड माल" हे लागू पडतं. १०० गेज म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन; २०० गेज त्याच्या दुप्पट.

आणि "गेज म्हणजे जाडी" तर रेल्वेत साफ कोसळतं. ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी हे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. माथेरानच्या गाडीचं ६१०. रूळ किती भक्कम, ते मीटरमागे किती किलो यावरून कळतं, उदाहरणार्थ ६० किलोचा रूळ. टायरवाल्याचा गेज तर दाब दाखवतो, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा तेवढाच. ३२ पीएसआय दिसले, तर आत एकूण दाब सुमारे ४७ असतो.