दोन्ही टोकांना पिन असलेली वायर: एका फॉरवर्डला उत्तर

"पुण्याहून येताना दोन्हीकडे पिन असलेली वायर करून आण, इकडचा इलेक्ट्रिशियन नाही म्हणतो." दापोलीजवळच्या गावातून परवा मामाचा फोन. इलेक्ट्रिशियन नाही म्हणतो, यातच खरं तर सगळं आलं. पण मामाकडे त्याच्याहून मोठा पुरावा होता, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. 'वीज मंडळातल्या निवृत्त इंजिनिअरचा सल्ला, पावसाळ्याआधी घराघरांत पोहोचवा.'

ज्यांच्याकडे अजून पोहोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इन्व्हर्टर घेऊ नका, बिल दुप्पट होतं. घेतलाच तर बॅटरीत नळाचं पाणी चालतं, डिस्टिल्ड वॉटर ही लूट आहे. त्यापेक्षा दोन किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर घ्या, फ्रीज, पंप, मिक्सर सगळं चालतं. पावसात भिजू नये म्हणून तो पडवीत किंवा गॅलरीत ठेवा. वायरमनला पैसे कशाला? दोन्हीकडे पिन असलेली वायर करा, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटला, की अख्खं घर उजळेल. 'फक्त मेन स्विच बंद करायला विसरू नका.' आणि ऐपत असेल तर अनुदानाचं सोलर बसवा, लाइट गेल्याचं कळणारही नाही.

आधी वायर, कारण बाकीच्या बहुतेक चुकांनी पैसे जातील, हिने माणूस जाईल. आणि जाणारा माणूस बहुधा तुमच्या घरातला नसेल.

सॉकेटमधून घरात सोडलेली वीज घरातच थांबत नाही. मेन चालू राहिला तर ती मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरवर आणि तिथून खांबावर जाते. वादळानंतर वायरमन फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाइन, बंद करून, कामाचं परमिट घेऊन वर चढलेला असतो. त्याच्या लेखी लाइन मेलेली आहे. तिच्यात तुमच्या पडवीतून २३० व्होल्ट आलेले आहेत. एवढ्यावर थांबलं तरी पुरे, पण डीपीतला, म्हणजे गावाला वीज वाटणाऱ्या खांबावरचा, ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करणारं तेच यंत्र उलट्या बाजूने वीज मिळाली की पुन्हा हजारोंमध्ये चढवतं.

ग्रुपवरच्या एका हुशार भाच्याने यावर लिहिलं, "एवढासा जनरेटर गावाचा लोड कसा ओढेल? ट्रिप होईल की." गाव जोडलेलं असेल तर बहुतेक होईल. पण तार तुटलेली असेल, डीपीवरचा फ्यूज काढलेला असेल, तर त्या तुकड्यावर तुमचं घर आणि फार तर शेजारची दोन घरं. तेवढं तो खुशाल ओढतो. आणि नेमक्या त्याच तुकड्यावर काम चालू असतं.

आता राहिला 'मेन बंद करायला विसरू नका' हा दिलासा. काळोखात, पावसात, घाईत एका माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगायचा? शिवाय मेन बंद असला तरी त्या वायरची मोकळी पिन जिवंतच असते. जनरेटर चालू असताना कुणाच्या पायात अडकून ती सॉकेटमधून निघाली, तर उघड्या पितळी पिनांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट, आणि त्याही नातवंडाच्या हाताच्या उंचीवर. मेन चालू राहिला आणि मधेच लाइट आली, तर दोन विजा एकमेकींवर आदळून जनरेटर जळतो तो वेगळाच. म्हणून ही वायर कुठलाही शहाणा दुकानदार तयार विकत नाही, 'करून' घ्यावी लागते.

हे माझं म्हणणं नको असेल तर सरकारचं ऐका. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेल्या सोलरसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम आहेत. ग्रिडची वीज गेली की यंत्रणेने २ सेकंदांत ग्रिडला वीज देणं थांबवलं पाहिजे. कारण तेच, लाइनवर काम करणारा माणूस. ज्या गोष्टीसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्राला दोन सेकंदांची मुदत आहे, ती हा मेसेज मामाच्या आठवणीवर सोडतो.

यातच सोलरचा मुद्दाही निकालात निघतो. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, ते घ्या, बिल खरंच कमी होतं. पण साधं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं, नियम पाळत असतं. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्चाचं गणित बदलतं.

पडवी. सगळ्यात साधा दिसणारा हा सल्ला तितकाच जीवघेणा आहे. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, झोप येते, माणूस म्हणतो दिवसभर दमलो. बऱ्याच जुन्या कौलारू घरांत भिंती छपराला भिडलेल्या नसतात, पडवीतला धूर वरून थेट माजघरात उतरतो. फ्लॅटच्या गॅलरीत तर दारच उघडं असतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला घरापासून किमान २० फूट लांब ठेवण्याचा आहे, तोही दारं-खिडक्यांपासून दूर. म्हणजे अंगणाच्या टोकाला, वर पत्रा टाकून, बाजू उघड्या ठेवून.

बिल दुप्पट? धरा रोज तासभर लाइट जाते, दोन पंखे आणि चार एलईडी, साधारण १९० वॅट. महिन्याला सहाएक युनिट. बॅटरी भरताना-काढताना होणारी गळती धरून ती नऊ होतात. भरलेल्या बॅटरीवर चोवीस तास १० वॅट जातात असं धरा, आणखी सात. पंखे-दिव्यांची सहा युनिट लाइट असती तरी गेलीच असती, म्हणजे जादाचे दहाएक युनिट. हां, बॅटरी म्हातारी झाली असेल तर ती कधी भरतच नाही, सतत करंट खाते, गरम होते आणि पाणी उडवते. तेव्हा बिल जाणवतं. तो दोष त्या बॅटरीचा.

नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटांवर बसतात आणि बॅटरी लवकर मरते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बॅटरीपेक्षा स्वस्त असतो, यापुढे बोलण्यासारखं काही नाही.

दोन किलोवॅटवर सगळं चालतं, हेही पंपाला विचारा. एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. जनरेटर बऱ्याचदा तिथेच मान टाकतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. कोकणात नुसत्या इन्व्हर्टरवर भागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १.८ युनिट, हातात येतात सव्वाएक. पहिल्या रात्रीतच खलास. तिथे जनरेटर हवाच, मेसेजवाल्याचं एवढं बरोबर.

पण तो जोडायचा चेंजओव्हर स्विचवरून. दांडा वर केला तर महावितरण, खाली केला तर जनरेटर, मधे बंद. दोन्ही एकदम जोडले जाणं शक्यच नाही, मग कुणी काही विसरलं तरी चालतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं जेमतेम अर्ध्या दिवसाचं काम. मामाला नाही म्हणाला त्यालाच बोलवा, तो विश्वासाचा दिसतो.

मग जनरेटर दिवसभर गुरगुरत ठेवायचीही गरज नाही. लोडप्रमाणे तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जातं, आणि वादळानंतर पेट्रोल पंपही बंद असतात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास लावा, फ्रीज गार करा, फोन आणि इन्व्हर्टरची बॅटरी भरून घ्या. १०-१५ अँपिअरने दोन तासांत ती पूर्ण भरणार नाही, पण रात्रीचे दिवे निघतील. छोट्या जनरेटरची वीज इन्व्हर्टर स्वीकारत नसेल तर त्याचा मोड बदलून पाहा, बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि नॉर्मल अशी कळ असते, नॉर्मलवर टाका. आणि मोसम संपला की टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात कार्ब्युरेटर चिकटलेला मिळेल.