पहिल्या घोड्याची खोगीरभरती

दत्तजयंती जवळ आली, सारंगखेड्याच्या बाजाराचे वेध लागले, की पहिला घोडा घ्यायला निघालेल्यांच्या मोबाइलवर एक यादी हमखास येऊन पडते. घोडा दारात येण्याआधी हे सामान घेऊन ठेवा, असं तिचं म्हणणं: तयार खोगीर, काटेरी लगाम, चोवीस तास घालायची नायलॉनची म्होरकी, जाड झूल, खुरांचं तेल. खुराकाला गोठ्यातलं पशुखाद्य चालेल, आणि औषधपाण्याचं ऐन वेळी डॉक्टर बघतील. यादीतल्या खराऱ्यावर आणि दोन बादल्यांवर आक्षेप नाही. बाकीची बरीचशी खोगीरभरती आहे, आणि त्यातल्या काही गोष्टी घोड्याला इजा करणाऱ्या आहेत.

«खोगीर सगळ्यात आधी घ्या, सगळ्यांना बसेल असं मिळतं.»

असं खोगीर नसतं. खोगिराच्या पोटात एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना तो किती रुंद उघडतो यावर सगळं अवलंबून. मानेच्या मुळाशी हाडांचा जो उंचवटा असतो (विदर), तो मारवाडी-काठेवाडी घोड्यांत उंच आणि अंगाने सडपातळ असतो. कानपूरचं बरंच खोगीर परदेशी गिऱ्हाइकासाठी, भरल्या अंगाच्या घोड्यांच्या मापाने बनतं. तसं रुंद खोगीर आपल्या घोड्यावर पुढून खाली बसतं आणि थेट हाडावर घासतं. अरुंद असेल तर खांद्यामागचे स्नायू चिमटीत धरतं. त्याखाली जाड नमदा घातला की आणखी आवळतं. घट्ट बुटात दोन मोजे घातल्यावर होतं तेच.

दुसरं, बाजारातून आलेला घोडा बहुधा हडकलेला असतो. तीन-चार महिने नीट चंदी आणि फिरणं मिळालं की पाठ भरते आणि आज बसलेलं खोगीर तेव्हा बसत नाही. म्हणून आधी घोडा, मग माप. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात हवी तशी वाकणारी, वाकवली की तशीच राहणारी पट्टी मिळते. घोडा सपाट जागी चारही पायांवर सारखा उभा करा. खांद्याच्या फऱ्याच्या मागच्या कडेपासून दोन बोटं मागे ती पट्टी पाठीवर आडवी दाबून बसवा, अलगद उचलून पुठ्ठ्यावर रेघ ओढा, कापा, तारीख लिहा. खोगीर घेताना हा पुठ्ठा सोबत न्या आणि तीन महिन्यांनी दुसरा कापा.

स्वार बसल्यावर खोगिराची पुढची कमान आणि विदर यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे, कंबरेकडे जाता कामा नये. वीसेक मिनिटं फिरवून खोगीर उतरवलं की घाम बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा असेल तर ठीक. ओल्याच्या मधोमध रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. हेच चालू राहिलं तर काही महिन्यांनी त्या जागी पांढरे केस उगवतात. पाठीवर असे जुने डाग आहेत का, हे बाजारात घोडा बघतानाच तपासावं. पहिले काही आठवडे लांब दोरीवर जमिनीवरून काम करायचं असतं. त्याला खोगीर लागतच नाही.

«मारवाडी तापट असतो, काटेरी लगामाशिवाय आवरत नाही.»

यात पहिली अडचण कायद्याची. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटे किंवा टोकं असलेली कडी (लगामाचा तोंडात जाणारा धातूचा भाग) वापरायला मनाई आहे, आणि त्यात स्वारीचाही उल्लेख आहे. दुसरी अडचण तोंडाची. कडी जिथे बसते तिथे दात नसतात. हाडावर नुसतं पातळ हिरडीचं आवरण असतं. तिथे काटा रुतला की घोडा डोकं वर फेकतो, तोंड वासतो, दुखण्यापासून पळतो. मग त्यालाच तापट म्हणायचं!

साधी गुळगुळीत, मध्ये सांधा असलेली कडी घ्या. माप असं: सुतळीला एका टोकाला गाठ मारा, कडीच्या जागी तोंडातून आडवी ओढा, गाठ एका ओठाच्या कोपऱ्याला टेकली की दुसऱ्या कोपऱ्यावर खूण करा आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. तरीही डोकं झटकत असेल तर लगाम बदलण्याआधी दात तपासून घ्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला टोचतात. पशुवैद्याकडून वर्षातून एकदा त्या घासून घ्याव्या लागतात.

«म्होरकी कायम घालून ठेवा, धरायला सोपं जातं.»

नायलॉन तुटत नाही, हाच त्याचा दोष. घोडा मागच्या पायाने कान खाजवताना खूर म्होरकीत अडकतो, किंवा ती गव्हाणीच्या खिळ्यात गुंतते. घाबरलेलं जनावर ओढत राहतं आणि मान जायबंदी होते. तबेल्यात म्होरकी काढून दारालगत टांगा. बांधायची तेव्हा तीन मीटर सुती दोर, एका झटक्यात सुटणारी गाठ, उंची विदरएवढी. दोर थेट भिंतीतल्या कडीला न बांधता त्या कडीत सुतळीचा फास अडकवून त्याला बांधा, म्हणजे जोर आला की सुतळी तुटेल, मान नाही.

«झूल आणि खुरांचं तेल विसरू नका.»

विसरलं तरी चालेल. केस न कातरलेला निरोगी घोडा, वाऱ्या-पावसापासून आडोसा असेल तर, आपल्याकडची थंडी झुलीविना काढतो. तेलाच्या पैशात खूर साफ करायचा आकडा घ्या. यादीत तो नाही. टाचेकडून टोकाकडे रोज ओढायचा, तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही खाचा मोकळ्या करायच्या. पावसाळ्यात तिथे काळं, घाण वासाचं पाणी दिसलं तर कुजणं सुरू झालंय. आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी येणारा नालबंद घोडा घेण्याआधी ठरवा. गावात तो नसेल तर तेल काय कामाचं?

«गाईचं पशुखाद्य चालतं.»

इथे मात्र घोडं खरोखरच पेंड खातं. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं द्रव्य घातलेलं असतं. गाईला ते सोसतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू ते थोड्या मात्रेतही निकामी करतं आणि त्यावर उतारा नाही. बुरशी लागलेला मकाही तसाच: त्यातल्या विषाने मेंदूची नासाडी होते. कोवळी ज्वारी हिरव्या चाऱ्यात टाकू नका.

म्हणून पहिली खरेदी तराजू आणि शिंप्याची टेप. छातीचा घेर (विदरच्या मागून) आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० = वजन किलोत. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर साधारण ३७७ किलो. या एका आकड्यावरून तीन गोष्टी ठरतात. सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज साडेपाच ते साडेसात किलो. जंताच्या औषधाची मात्रा. आणि पाठीवरचं ओझं: वीस टक्के धरले तर खोगिरासकट ७५ किलो. खोगीर सात किलोचं असेल तर स्वार ६८ चा.

चंदी डब्याने मोजू नका. एक लिटरचा डबा ओटने भरला तर जेमतेम अर्धा किलो, मक्याने भरला तर पाऊण किलोच्या आसपास. हलक्या कामाच्या घोड्याला दिवसाला किलो-दीड किलो, दोन वेळांत, पुरते. विकणाऱ्याकडून जुन्या खुराकाचं आठवड्याचं पोतं मागून घ्या आणि आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करून बदला.

«औषधाचं डॉक्टर बघतील.»

बघतील, पण पैसे मोजण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी तुम्हीच मागायची. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावं लागतं. धनुर्वाताची लस घेतली होती का हे सांगायला कोणी नसेल तर नव्याने दोन डोस, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने.

घरात थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप हवाच. निरोगी घोडा उभा असताना ताप ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. पहिल्या आठवड्यात रोज मोजून दारामागे लिहून ठेवा. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला की वायू आणि खुराक आतच अडकतात. तो पुढच्या पायाने जमीन खरवडतो, वळून पोटाकडे बघतो, लोळतो, लीद बंद होते. अशा वेळी चंदी काढून घ्या आणि नाडीचा आकडा फोनवर सांगा. साठच्या वर असेल तर डॉक्टर सकाळची वाट पाहणार नाहीत.

आता यादीत मुळातच नसलेली वस्तू: हेल्मेट. क्रिकेटचं किंवा सायकलचं नव्हे. घोडेस्वारीसाठीचं, मानेमागूनही पट्टा येणारं, आणि सोबत दोन-अडीच सेंटिमीटर टाचेचा बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. एकदा जोरात पडलात की हेल्मेट बदला. बाहेरून चरा दिसला नाही तरी आतला फोम दबलेला असतो.