ती वही कोणी तपासत नाही

सर, शिक्षकानं रोजनिशी लिहावी या माझ्या लेखावर तुम्ही विचारलंत: पाठाचं टाचण आहे, प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी आहेत, पोषण आहाराचं रजिस्टर आहे, ऑनलाइन माहिती भरणं आहे, त्यात ही आणखी एक वही कशाला? आणि रोज स्वतःच्या चुका लिहून माणूस सुधारतो की खचतो?

खचण्याचं आधी घेते, कारण त्यातून मी गेले आहे. सुरुवातीला माझी वही 'आज फार ओरडले', 'तिसरीच्या वर्गाकडे बघायलाच झालं नाही' अशा वाक्यांनी भरली होती. महिन्यानं वाचली तर हाती काही लागेना, फक्त वाईट वाटलं. मग मी स्वतःबद्दल लिहिणं थांबवलं आणि मुलांनी काय केलं ते जसंच्या तसं लिहू लागले.

त्याचा उपयोग कसा झाला ते सांगते. दुसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. मी तोंडी गणित घातलं, बावन्न वजा सतरा. एका मुलीचं उत्तर आलं ८. मी फुली मारली आणि पुढच्या पाटीकडे वळले. संध्याकाळी वहीत 'चुकलं' असं न लिहिता 'उत्तर ८' असं लिहिलं, एवढंच. दोन दिवस काड्यांचे गठ्ठे सोडून दशक सुटा करून दाखवला, तरी तिचं तेच. शुक्रवारी आठवड्याच्या नोंदी वाचताना त्या ८ पाशी अडले. ८ येईल कुठून? पंचवीस वजा सतरा! तिनं बावन्न ऐकून २५ लिहिलं होतं. हातचा तर तिनं अगदी बरोबर घेतला होता. जे तिला येत होतं तेच मी दोन दिवस शिकवत बसले होते.

आपल्या संख्यानामांत हे आहेच. बावन्न म्हणताना दोन आधी, पन्नास नंतर, लिहिताना उलटं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत मीही होते. बावन्न, त्रेसष्ट हे शब्द जाऊ नयेत असं आजही वाटतं, पण त्या बदलामागची अडचण खरी होती हे मला या मुलीमुळे कळलं. आता संख्या सांगितली की आधी ती लिहून घेते, मग गणित.

टाचण तासाआधी लिहितात, त्यात हे येणार नाही. गुणपत्रकात तिथं शून्य असतं. वर्णनात्मक नोंदींत यायला हवं होतं, पण त्यांचं काय झालं ते तुम्ही-मी दोघंही जाणतो. तयार वाक्यांची पुस्तकं बाजारात आली आणि गावोगावची मुलं 'परिसरातील घटकांची माहिती सांगते' अशी एकसारखी झाली. कल्पना चांगली होती. तपासणीसाठी लिहायची म्हटल्यावर तिच्यातलं खरेपण गेलं. म्हणून ही वहीही आणखी एक ओझं होईल ही तुमची भीती मला पटते. उद्या कोणी रोजनिशी सक्तीची केली, तिला नमुना आणि रकाने दिले, तर पहिला विरोध मी करेन.

वेळेचं म्हणाल तर द्विशिक्षकी शाळेत तो नसतोच. मी रोज लिहीत नाही. ज्या दिवशी एखादं उत्तर कोड्यात टाकतं, त्या दिवशी घंटा झाल्यावर दोन ओळी लिहिते. शुक्रवारी मात्र वाचते; वाचणं चुकलं तर लिहिलेलं वाया जातं.

आणि ती वही शाळेच्या कपाटात नसते, माझ्या पिशवीत असते.