बाबांची पदावनती

घरच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायला स्पायवेअरला, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमला, फार हुशार असावं लागत नाही. घरात एक सेवानिवृत्त माणूस, एक लग्नाळू नातेवाईक आणि दुपारचा भरपूर मोकळा वेळ, एवढ्यावर त्याचं भागतं.

आमच्याकडे हे तिन्ही होतं. धाकट्या मावशीच्या मुलीचं लग्न जमवायचं काम बाबांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. ३६पैकी किती गुण जुळतात हे पाहायला प्रत्येक स्थळामागे गुरुजींना दक्षिणा कशाला, असा हिशेब करून त्यांनी इंटरनेटवरून 'संपूर्ण मोफत' असं कुंडलीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्या पानावर डाउनलोडची चार बटणं होती. त्यातलं सगळ्यात मोठं, हिरवंगार आणि लुकलुकणारं बटण बाबांनी दाबलं. असल्या पानांवर खरं बटण बहुतेक वेळा कोपऱ्यात, बारीक राखाडी अक्षरांत, तोंड लपवून बसलेलं असतं. लुकलुकतात त्या जाहिराती.

गंमत अशी, की हा माणूस जन्मभर जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होता. प्रवासभत्त्याचं बिल मंजूर करण्याआधी एसटीचं तिकीट उजेडात धरून बघायचा. त्याच माणसाने 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश' हे इतक्या लगबगीने उरकलं, की अक्षता पडायच्या आत सप्तपदी झाली. वाटेत 'शिफारस केलेली पद्धत' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय येऊन गेले. कस्टमच्या आत डोकावलं असतं तर आधीच खुणा करून ठेवलेले चौकोन दिसले असते: एक टूलबार, एक कूपन शोधून देणारा, एक 'पीसी वेगवान करणारा'. कुंडलीबरोबर सगळं वऱ्हाड मुक्कामाला आलं.

लक्षणं दुसऱ्या दिवसापासून दिसू लागली. ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर. आईने साबुदाणा वड्याची कृती शोधली, तर गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती आल्या. (तिला गुडघेदुखी आहे, हे त्यातलं जास्त भीतीदायक.) आणि उजव्या कोपऱ्यात खालून मिनिटामिनिटाला लाल खिडकी वर यायची: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत, त्वरित कारवाई करा. 'त्वरित कारवाई' हे शब्द दिसले की बाबांचा हात आपोआप पेनाकडे जातो. इथे माऊसकडे गेला. त्यातून जे उतरलं ते म्हणे अँटिव्हायरस होतं. त्याने अर्ध्या मिनिटात शेकडो दोष शोधले आणि ते दुरुस्त करायचे पैसे मागितले. हा धंदा जुना आहे; आधी घाबरवायचं, मग औषध विकायचं.

मी सगळं समजावून सांगितल्यावर बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण आपल्याकडे हेरण्यासारखं आहे काय?"

होतं की. डेस्कटॉपच्या मधोमध 'पासवर्ड सर्व नवीन अंतिम' या नावाची फाइल होती. पेन्शनचं खातं, मुदत ठेवींचं नेटबँकिंग, गॅस, वीज, सगळं वहीच्या शिस्तीत तक्त्यात भरलेलं. शेवटच्या रकान्याचं नाव 'शेरा'. कॉम्प्युटर बिघडला तर पंचाईत नको म्हणून त्यातले महत्त्वाचे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीही होते, पण तिथपर्यंत अजून स्पायवेअर पोचत नाही.

हेरांची ही नवी पिढी मला मुळीच आवडत नाही. २०००च्या आसपास इंटरनेटवर 'बाँझी बडी' नावाचा एक जांभळा गोरिला होता. तो पडद्यावर उड्या मारायचा, गाणी म्हणायचा, विनोद सांगायचा आणि गुपचूप माहिती गोळा करायचा. लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याबद्दल २००४मध्ये अमेरिकेत त्याच्या कंपनीला ७५ हजार डॉलर भरावे लागले. तरी तो निदान तोंड दाखवून यायचा. आताचे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या, रूपात येतात आणि 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे व बदलणे' अशी परवानगी राजरोस मागतात. आमच्याकडच्या कूपनवाल्याने ती मागितली होती आणि बाबांनी दिलीही होती. का, तर "तो विचारत होता."

सफाईला अख्खा रविवार गेला. नको ते प्रोग्रॅम उडवले, एक्स्टेन्शन काढली. लाल खिडक्यांचं मूळ ब्राउझरच्या नोटिफिकेशनमध्ये निघालं. बाबांनी कुठल्याशा साइटला 'अलाउ' म्हटलं होतं, तेवढं बंद केल्यावर 'व्हायरस' एका क्षणात बरे झाले. मग विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवलं. त्यात कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागं व्हायच्या आत झडती होते, म्हणजे आत दडलेल्याला लपाछपी खेळायला सवड मिळत नाही. पासवर्ड बदलले ते मात्र माझ्या फोनवरून, कारण कळ दाबली की टिपून घेणारा कुणी आत उरला असेल तर नवा पासवर्डही त्यालाच आधी कळायचा.

डिफेंडरवर बाबांचा विश्वास बसेना. का? फुकट आहे म्हणून! मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४मध्ये स्पायवेअर पकडणारी एक छोटी कंपनीच विकत घेतली आणि त्यातून हे पुढे घडलं, असा इतिहास मी सांगून पाहिला. फुकट कुंडली चालते, फुकट राखणदार चालत नाही. पुण्याच्या मामाने फोनवरून 'आपल्या पुण्याचं क्विक हील अँटिव्हायरस घ्या, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून वर आलेली माणसं आहेत' असा सल्ला दिला. तो सल्ला कमी आणि पुण्याबद्दलचं निवेदन जास्त होतं.

आईने यावर स्वतःचा उपाय केला. कॅमेऱ्यातून कुणी बघतं असं तिने ऐकलं आणि वेबकॅमवर मरून रंगाची टिकली लावून टाकली. हसण्यासारखं काही नाही. २०१६मध्ये मार्क झुकरबर्गच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी असलेला फोटो जगभर फिरला होता. टिकली बरोबर मापाची बसते. न्यू जर्सीच्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला की आई ती नखाने अलगद काढते, बोलणं होईस्तोवर मॉनिटरच्या कडेला चिकटवते आणि निरोप घेऊन झाला की परत कॅमेऱ्यावर. त्या कडेला आता जुन्या गोंदाची गोल नक्षी उमटली आहे.

खरा पेचप्रसंग पुढेच होता. रोजच्या वापराला ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं ठेवू नये, साधं ठेवावं. म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम आत घालायचे म्हटलं की पडदा काळवंडतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. हा उपाय फुकट आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी. पण त्यासाठी बाबांना ॲडमिनिस्ट्रेटर पदावरून खाली आणून 'स्टँडर्ड युजर' करावं लागलं. ते पडद्यावर वाचून बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "चौकशी न करता पदावनती?"

रात्रभर त्यांनी ते मनाला लावून घेतलं असावं, कारण सकाळी चहाच्या कपाखाली मला कागद सापडला. 'प्रति, मा. ॲडमिनिस्ट्रेटर, हॉलमधील कॉम्प्युटर. विषय : कुंडलीचे सॉफ्टवेअर पुनश्च टाकण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ : काल रात्री जेवताना झालेली चर्चा.' मी खाली शेरा मारला: 'सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचे, याचा पुरावा जोडलेला नाही. त्रुटी पूर्ततेसाठी परत.' तो वाचून बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा उजळला. संध्याकाळी माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दुसरा अर्ज आला, स्टॅम्पऐवजी १० रुपयांचं नाणं चिकटवून. माहिती द्यायला मला ३० दिवसांची मुदत होती, आणि ती मी पूर्ण वापरणार हे मी जाहीर केल्यावर बाबा थेट अपिलात गेले. आमच्या घरात अपील आईकडे चालतं.

आईने दोन्ही बाजू ऐकल्या. हातातली मेथी निवडत म्हणाली, "गुण कसले बघता? ती दोघं महिनाभर रोज रात्री फोनवर बोलतायत. त्याच्या आईला मुलगी पसंत आहे, वडील मुहूर्ताचं बघतायत, आणि साखरपुडा त्यांना कोल्हापूरलाच करायचाय."

बाबा थक्क. "हे तुला कोणी सांगितलं?"

मेथीवरची नजर न काढता आई म्हणाली, "माझी माणसं आहेत."