काका, तो पिन काढू नका

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. नवीन कायदा आलाय म्हणे, मोबाईलच्या नकाशावर परवानगीशिवाय घर, दुकान, रस्ता मार्क केला तर 100 कोटी दंड आणि 7 वर्षं जेल, शिवाय आपले नकाशे परदेशी कंपन्यांना विकून टाकलेत. हे वाचून बी विंगचे काका मागच्या गेटचा त्यांनीच टाकलेला पिन काढायला निघाले, म्हणून लिहितोय.

100 कोटी आणि 7 वर्षं हे आकडे कुठून आले? मे 2016 मध्ये गृह मंत्रालयाने एका बिलाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवला होता, त्यातले आहेत. खूप टीका झाली आणि त्याचा कायदा कधी झालाच नाही. उलट 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने गाइडलाइन्स काढल्या की भारतीयांना नकाशे बनवायला, डेटा गोळा करायला आधी परवानगी नको, लायसन्स नको, फक्त संवेदनशील गोष्टींची एक यादी सांभाळा. मग डिसेंबर 2022 ला राष्ट्रीय धोरणही आलं. देशाची सीमा चुकीची छापणं मात्र 1961 च्या कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याचा आपल्या गेटशी काय संबंध?

नकाशे विकले हेही खोटं. 1 मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा फक्त भारतीय कंपन्याच बनवू शकतात आणि तो भारतातच ठेवायचा, गाडी फिरवून रस्त्यांचे फोटो घेणंही फक्त त्यांनाच. गुगलने 2022 मध्ये स्ट्रीट व्ह्यू आणलं तेसुद्धा जेनेसिस आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांना सोबत घेऊनच.

माझी तक्रार वेगळीच आहे, आपल्याकडे धोरण आहे पण कायदा नाही. जपानमध्ये 1995 च्या कोबेच्या भूकंपात कळलं की प्रत्येक खात्याचे नकाशे वेगवेगळे, एकमेकांशी जुळतच नाहीत, मग 2007 ला त्यांनी नकाशांचा वापर वाढवायला कायदाच केला आणि पायाभूत नकाशे नेटवर फुकट दिले. असा कायदा आपल्याला हवाय, घाबरवणारा नको.

काका, तुम्ही तो पिन का टाकला होता आठवतंय ना? शेजारच्या आजींना रात्री दम लागला, अँब्युलन्स पुढच्या गेटला आली, ते 11 नंतर बंद, ड्रायव्हर फोनवर विचारतोय कुठून येऊ आणि वॉचमन टॉर्च हलवतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः मागच्या गेटपाशी उभे राहून तो पिन टाकलात. राहू द्या तो.