पाय टेकत नसतील, तरच घ्या

उंच अ‍ॅडव्हेंचर गाडी, म्हणजे खडबडीत वाटांवरची मोटारसायकल, घ्यायचं मनात असेल तर आधी एक करा, स्वतःची उंची अजिबात मोजू नका. मोजली की माणूस विचार करायला लागतो आणि विचार करणाऱ्याचं हे कामच नाही. शोरूममधला पोरगा सीटची उंची सांगेल. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ची 825 मिलिमीटर. केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर 2020 साली आली तेव्हा 855. तुम्ही नुसतं "वा!" म्हणा. पाच फूट चार इंचाच्या माणसाला या मिलिमीटरचा अर्थ पहिल्या सिग्नलला आपोआप कळतो. शोरूमची फरशी सपाट असते, आणि तुम्ही वर चढलात की तो पोरगा मागून गाडी धरून उभा असतो. तो काही घरी येत नाही.

टेस्ट राइड तर घेऊच नका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी त्याचे दात बघतो, खूर बघतो, फिरवून बघतो, मग पैशाचं बोलतो. पण तो अडाणी. तुम्ही रील बघितलेलं आहे.

या उंच गाड्यांची जात आली कुठून, ते चारचौघांत जरूर सांगा. 1980 साली बीएमडब्ल्यूची आर 80 जी/एस आली, दुसऱ्याच वर्षी तिने पॅरिस-डाकारची शर्यत मारली, सहाराची वाळू तुडवली. आपल्या तापीतही वाळू आहेच. फक्त ती आधीच ट्रॅक्टरवाल्यांना दिलेली आहे.

मग सातपुड्यातलं तोरणमाळ 'जिंकायला' निघा. वरपर्यंत एसटी जाते, तेवढं व्हिडिओत येऊ देऊ नका.

पेट्या तिन्ही लावा, अ‍ॅल्युमिनियमच्याच. जळगावहून भुसावळ पंचवीस किलोमीटर, वाटेत काय लागेल सांगता येत नाही. एका पेटीत बामणोदची भरताची वांगी बसतील. बाकी दोन पेट्यांत काय ठेवायचं, ते सुचेल कधीतरी.

आईला मनुदेवीच्या दर्शनाला न्यायचं असेल तर रिक्षा सांगा.

मे महिन्यात दुपारीच फिरा. पारा 45 च्या वर, त्यात लिक्विड कूल्ड इंजिन. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम वाफारा थेट नडगीवर येतो. जुन्या गाड्यांना हा पंखाच नाही बिचाऱ्यांना.

जुन्या गाड्यांवरून आठवलं. जुनी गाडी दिसली की तिला नावं ठेवायला विसरू नका. राजदूत 175 दिसली तर 'दूधवाल्याची गाडी' म्हणा. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने उतरवलेली ती गाडी दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवून चिखलाच्या गाडरस्त्याने रोज पहाटे गावात यायची, पण तिला कोणी अ‍ॅडव्हेंचर म्हटलं नाही, कारण तिच्यावर तसं स्टिकर नव्हतं. यामाहाची आरएक्स 100 दिसली तर '98 सीसी आणि 11 हॉर्सपॉवर?' म्हणून हसा. आणि येझदी दिसली तर काय करायचं, ते मला परवा कन्नड घाटात एकाने शिकवलं.

कन्नड घाट म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. रांग लागलेली. मी माझ्या येझदीवर, दोन्ही पाय जमिनीला, निवांत. उजवीकडे एक उंच गाडी येऊन थांबली. नाव घेत नाही. स्वार डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात, हेल्मेटवर कॅमेरा, गाडीला तिन्ही पेट्या. रस्ता माझ्या बाजूला उतरता. त्याने डावा पाय खाली सोडला. पाय जमीन शोधतोय, जमीन काही भेटेना. बुटाचं टोक हवेत दोनदा हललं आणि दोनशे किलोची गाडी पेट्यांसकट माझ्याकडे झुकायला लागली. सावकाश. इतकी सावकाश की मी "अहो, अहो" एवढं म्हणू शकलो. पेटीचा कोपरा माझ्या टाकीत घुसला, ब्रेकचा लिव्हर वाकून आत गेला. येझदी म्हैसूरला बनायची बंद झाली 1996 साली. तशी टाकी आता सांगा कुठून आणू? चार माणसं लागली त्याची गाडी उभी करायला. मागचा पिकअपवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काय भो, पाय टेकतस नई का?" सगळे हसले.

तो नाही हसला. त्याने आधी कॅमेरा तपासला. मग स्वतःची पेटी हात फिरवून बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, असल्या जुन्या गाड्या घाटात आणायच्याच कशाला?"

असल्या जुन्या गाड्या! अरे, गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवायचा, त्याचीच किक होते, अशी ती गाडी. धूर काढते, तिचे ड्रम ब्रेक आजच्या मानाने लेचेपेचे, सगळं कबूल. पण उतारावर उभी राहते! मी तिच्यावर बसून पाय टेकवतो!

आता सरळच बोलतो. उंच गाडी वाईट नाही. चाकाला वरखाली व्हायला दोनशे मिलिमीटरचा सस्पेन्शनचा प्रवास आणि गाडीच्या पोटाखाली 230 चा ग्राउंड क्लिअरन्स हवा, तर सीट वर जाणारच. खड्ड्यांतून ती मऊ जाते, यात वाद नाही. पण ज्याला ती पेलत नाही त्याने लो सीट बसवून घ्यावी. एका पायावर गाडी तोलायची, तर रस्त्याचा उतार कुठे आहे ते थांबायच्या आधी बघावं लागतं, थांबल्यावर नाही. घाटात पेट्या काढून या. मोकळ्या मैदानात गाडी आडवी करून उचलायला शिका. गिअरमध्ये टाकायची, हँडल पूर्ण वळवायचं, पाठ सीटला लावायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. लाखो रुपये मोजताना लाज वाटली नाही, मग हे शिकायला कसली लाज वाटते?

आणि तू रे, घाटातल्या! नंबर घेतलास, 'फोन करतो काका' म्हणालास. फोन कर. टाकी ठोकायचे, रंगवायचे आणि लिव्हरचे पैसे दे. व्हिडिओ टाकलायस, तो बघितला मी. पडल्याचा भाग तेवढा कापलायस.