अॅक्टिव्ह डायपोल अँटेनाच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या अॅक्टिव्ह डायपोलचा (दोन दांड्या आणि मधोमध अॅम्प्लिफायरची पेटी असलेली रेडिओची अँटेना) तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तक्रारी तीन आहेत: शॉर्टवेव्हवर नुसती खरखर, मुंबई आकाशवाणीची स्टेशनं नको तिथे उमटतात, आणि खिडकीतून सोडलेली साधी वायर याहून बरी चालते. शेवटी लिहिलंत, ‘अॅम्प्लिफायर बोगस आहे.’ सोबत फोटो टाकलात ते फार बरं झालं, निम्मं उत्तर त्या फोटोतच आहे.

तुम्हाला ऐकू येतंय ते वाईटच आहे, त्यात वाद नाही. पण अॅम्प्लिफायर बोगस आहे हे मला मान्य नाही.

फोटोत पेटी बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलला केबल टायने बांधलेली दिसते. डावी दांडी ग्रिलला जवळजवळ टेकली आहे. उजवी एसीच्या आउटडोअर युनिटवरून गेली आहे, आणि कोअॅक्स केबल (पेटीतून रिसीव्हरकडे येणारी, बाहेरून जाळी असलेली केबल) त्याच दांडीला टेप मारून आणली आहे. डायपोलचं सगळं गणित दोन्ही बाजू सारख्या असण्यावर चालतं. दोन्ही दांड्यांवर सारखाच आलेला कचरा, म्हणजे नको असलेली खरखर, आतलं सर्किट वजा करतं. एका बाजूला लोखंड आणि दुसऱ्या बाजूला केबल आली की ही वजाबाकी बिघडते, आणि घरातली खरखर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चढून थेट अँटेनात शिरते.

एक-एक मीटरच्या दांड्या पुरतात कशा, असं पुष्कळ जण विचारतात. ६ मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीचा डायपोल २४-२५ मीटर लागतो, तेवढी जागा मुंबईत कुणाकडे असते? आखूड डायपोलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) जेमतेम काही पिकोफॅरड असते आणि कोअॅक्सची दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. केबल थेट जोडली तर सिग्नल तिथेच जिरतो, म्हणून अॅम्प्लिफायर दांड्यांच्या मधोमध बसवावा लागतो. शॉर्टवेव्हवर बाहेरून येणारी खरखर चांगल्या अॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे अँटेना मोठी करून फारसं हाती लागत नाही. हाती लागतं ते जागा बदलून. सिग्नल आणि कचरा अॅम्प्लिफायर सारखाच वाढवतो. त्यांच्यातला फरक किती राहणार, हे तुम्ही अँटेना कुठे लावता त्यावर ठरतं.

आता आकाशवाणीचं. तुम्ही मालाडला राहता, आणि ५५८ व १०४४ किलोहर्ट्झचे ट्रान्समीटर मालाडलाच आहेत. इतके जवळचे दोन दणदणीत सिग्नल कुठेतरी एकमेकांत मिसळणारच. १६०२ वर जाऊन बघा (५५८ अधिक १०४४). तिथे दोन्ही कार्यक्रम एकावर एक ऐकू आले तर ते मिसळणीचंच पिल्लू आहे. मिसळण कुठे होते हेही घरीच कळतं. रिसीव्हरच्या तोंडाशी १० डेसिबेलचा अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड; डेसिबेल हे सिग्नलच्या जोराचं माप) लावा. पिल्लू २० डेसिबेलने उतरलं तर दोष रिसीव्हरवर पडणाऱ्या ओझ्याचा. मग आरएफ गेन (आलेला सिग्नल रिसीव्हर किती वाढवतो ते) कमी करा किंवा रिसीव्हरच्या आधी मिडियम वेव्ह अडवणारा फिल्टर लावा. जेमतेम १० नेच उतरलं तर ओझं आमच्या पेटीवर आहे. तेव्हा दोन्ही दांड्यांचे पुढचे तुकडे काढून टाका. लांबी निम्मी झाली की सिग्नल निदान ६ डेसिबेलने खाली येतो आणि पेटीला श्वास मिळतो. एकाच बाजूचा तुकडा मात्र काढू नका. तुमची खिडकीतली वायर बरी वाटते त्याचं कारण बहुधा हेच: ती सिग्नलच कमी देते, म्हणून रिसीव्हर गुदमरत नाही.

जागा शोधायला महागडं काही लागत नाही. सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरा. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, जिथे खरखर उसळेल तिथला चोर सापडला. मग तोच ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर जा, फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवर पीव्हीसी पाइपावर चढवा, लिफ्टच्या खोलीपासून लांबच्या कोपऱ्यात. पाइप लोखंडी नको. केबल पेटीपासून सरळ खाली येऊ द्या, दांडीला समांतर नको. रिसीव्हरजवळ केबलचे दहा-बारा वेढे फेराइटच्या रिंगवर घ्या. फोटोत बायस-टीला (केबलमधूनच पेटीला वीज पुरवणारी डबी) मोबाइल चार्जरसारखा अडॅप्टर दिसतो, तो काढून एक रात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर ऐका. बायस-टीचं अँटेना लिहिलेलं तोंड अँटेनाकडेच जाऊ द्या, उलटं झालं तर १२ व्होल्ट रिसीव्हरमध्ये जातील. पावसाळ्यात जोडांवर रबर टेप घट्ट गुंडाळा, केबलला पेटीखाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. विजा कडाडायला लागण्याआधी केबल रिसीव्हरपासून काढून ठेवा, यात हयगय नको.

हे झाल्यावर रात्री ६६७६ किलोहर्ट्झ, यूएसबी मोड (अप्पर साइडबँड, रिसीव्हरवरची एक सेटिंग) लावा. तिथे विमानांसाठीचं हवामान पाळीपाळीने सांगतात. मुंबई तर येईलच, कोलकाता आणि सिंगापूर स्पष्ट आले म्हणजे जागा जमली.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. गच्चीवर लावून बघा आणि काय ऐकलंत ते इथेच लिहा. तरीही समाधान झालं नाही तर पेटी, बायस-टी आणि दोन्ही दांड्या पाठवून द्या, पूर्ण पैसे परत करतो. कुरिअरचा खर्चही आमचा.